सत्तर हजारांची सूट, पण गाडी कोणत्या महिन्याची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्ष सरत आले, की आपल्या अंकात मोटारींच्या पानभर जाहिराती झळकू लागतात. ‘८०,००० रुपयांपर्यंत लाभ’ यातला आकडा डोळ्यांत भरेल एवढा, ‘पर्यंत’ त्याच्या निम्म्याने आणि अटी भिंग लावून वाचाव्यात एवढ्या. ही मोठी सवलत बहुधा अशा गाड्यांवर असते, ज्यांचे नवे रूप बाजारात आलेले असते किंवा येऊ घातलेले असते. चार मीटरच्या आतल्या डिक्कीवाल्या गाड्या घ्या. डिझायर, अमेझ, ऑरा, टिगोर. नागपुरातला नोकरदार या वर्गाशी येऊन हमखास अडतो: जाणारे मॉडेल स्वस्तात घ्यावे, की चार पैसे जास्त घालून नवे? याचा निकाल दोन गोष्टींवर लागतो. गाडी कारखान्यातून कोणत्या महिन्यात निघाली आणि तुम्ही ती किती वर्षे ठेवणार. सवलतीचा आकडा त्यानंतर बघायचा.

मॉडेल ‘जाते’ म्हणजे नेमके काय होते, हे आधी खोदून विचारा. सेल्समन सगळ्याच प्रकारांना एका सुरात ‘स्टॉक क्लिअरन्स’ म्हणतो. कधी फक्त तोंडवळा बदलतो. बंपर, दिवे, स्क्रीन नवे. सांगाडा आणि इंजिन तेच. अशी जुनी गाडी स्वस्तात मिळत असेल तर फार विचार करू नये. कधी पिढीच बदलते. नवी डिझायर ११ नोव्हेंबर २०२४ ला आली, नवी अमेझ त्याच वर्षी ४ डिसेंबरला. दोन्ही वेळा आतून-बाहेरून बराच फरक पडला. कधी मॉडेल कायमचे बंद होते, पण कंपनी राहते. टोयोटाची इटिऑस आणि फोक्सवॅगनची अमिओ २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या तोंडावर अशाच गेल्या. आणि कधी कंपनीच गाशा गुंडाळते. शेव्हरोलेने २०१७ अखेर देशातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले आणि अस्पायर घेणारे बघत राहिले. सर्व्हिस सुरू राहील असे कंपनी सांगते, बऱ्याच अंशी ती ठेवतेही, पण जुन्या बाजारातला भाव कंपनीचे ऐकत नाही. कंपनीच निघाली असेल तर सूट कितीही असो, त्या वाटेला जाऊ नये.

एक प्रकार क्वचित येतो, पण आला की हात पोळतो: प्रदूषणाचे निकष बदलण्याची तारीख. १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ गाड्यांची विक्री-नोंदणी बंद झाली, तेव्हा आदल्या दोन दिवसांत शोरूमवर अक्षरशः झुंबड उडाली होती. १ एप्रिल २०२० ला बीएस-४ ची पाळी आली. अशा वेळी पैसे आधी भरले यावर विसंबू नये. मुदतीत पासिंग झाले का, एवढेच विचारायचे.

सुट्या भागांची भीती अर्धी खरी असते. इंजिन, क्लच, ब्रेक, फिल्टर हे भाग सहसा इतर मॉडेलांतही चालू असतात. जुन्या डिझायरचे १.२ लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन बलेनोत आहे. अमेझचे ११९९ सीसीचे इंजिन नव्या पिढीतही तेच. त्यामुळे पिढी बदलली म्हणून प्लग किंवा क्लचप्लेट मिळेनाशी होत नाही. अडते ते पत्र्याला आणि दिव्यांना. हेडलाइट, टेललाइट, बंपर, डिक्कीचे झाकण त्या पिढीपुरतेच असते. सहा-सात वर्षांनी मागून कोणी ठोकले, तर टेललाइटसाठी पंधरा दिवस थांबावे लागू शकते. एवढी तयारी ठेवावी.

आता पैशांकडे. जाहिरातीतला आकडा कोणत्या किमतीतून वजा केला आहे, हे पहिले तपासायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. वरचा १ टक्का उपकरही गेला. करापूर्वी ६ लाख किंमत असलेली गाडी पूर्वी ७,७४,००० ला पडत होती, ती ७,०८,००० ला पडू लागली. हे ६६,००० रुपये सरकारने सोडले आहेत, शोरूमवाल्याने खिशातून काढलेले नाहीत. जुना दरपत्रक-कागद समोर ठेवून हाच फरक ‘आमची सूट’ म्हणून कोणी दाखवत असेल, तर तारखेसह आजचे दरपत्रक मागावे आणि वजाबाकी तिथून सुरू करावी.

मग ‘पर्यंत’ फोडून घ्या. त्यात रोख सूट, जुन्या गाडीच्या बदल्यातला एक्स्चेंज बोनस, ठरावीक कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठीचा कॉर्पोरेट डिस्काउंट, त्याच कंपनीची गाडी असल्यास लॉयल्टी बोनस आणि भंगारात गाडी काढल्यास मिळणारी रक्कम असे सगळे एकत्र बांधलेले असते. घरात बदलायला जुनी गाडी नाही आणि नोकरी त्या यादीत बसत नाही, अशा माणसाच्या हाती फक्त रोख सूट येते. ८०,००० चे तीस-पस्तीस हजार व्हायला वेळ लागत नाही. एक्स्चेंज बोनसही नीट पाहावा. बोनस ३०,००० चा आणि जुन्या गाडीची किंमत बाजारापेक्षा २५,००० ने कमी धरलेली, हा खेळ रोजचा आहे. जुनी गाडी आधी बाहेर दोन व्यापाऱ्यांना दाखवून भाव काढा आणि मगच शोरूममध्ये तिचा विषय काढा.

एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने कुठे परत जाते, ते ऑन-रोड किमतीच्या कागदावर दिसते. एक्स-शोरूम किंमत, मोटार वाहन कर, नोंदणी आणि नंबरप्लेट, विमा, फास्टॅग. यापलीकडच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचे. हँडलिंग चार्जेस, टेफ्लॉन कोटिंग, सक्तीचे अ‍ॅक्सेसरीज पॅक हे सरळ नाकारता येतात. महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीला ११ टक्के कर आहे. सूट थेट बिलात दाखवून कमी किमतीवर कर लागतो आहे, की पूर्ण किमतीवर कर भरून सूट वेगळी दिली जाते आहे, हे लेखी घ्यावे. ६५,००० च्या सवलतीवर हा फरक ७,१५० रुपयांचा आहे.

विमा शोरूममधूनच घ्या, अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईचा, तीन वर्षांचा हप्ता सरकारने ठरवलेला असतो. १,००० ते १,५०० सीसीसाठी २०२२ च्या दराने तो १०,६४० रुपये अधिक कर असा आहे आणि सगळ्या कंपन्यांत सारखाच आहे. घासाघीस करायची ती स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर. जाणाऱ्या मॉडेलच्या बाबतीत विम्यात आणखी एक मेख आहे. गाडीची विमा-किंमत, म्हणजे आयडीव्ही, कंपनीच्या चालू यादीतल्या किमतीवरून काढतात: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, पुढे दरवर्षी दहा-दहाने वाढत पाच वर्षांपर्यंत ५०. मॉडेल बंद झाले की चालू यादीच उरत नाही आणि आयडीव्ही विमा कंपनी व ग्राहक यांच्यात ठरते. नूतनीकरणाच्या वेळी ऑनलाइन कोटेशनमध्ये आयडीव्ही गुपचूप खाली आणलेली असते. हप्ता हजार-दीड हजाराने कमी दिसतो म्हणून लोक खूश होतात, आणि गाडी चोरीला गेली की लाखाचा फरक कळतो. बीजक-किमतीचे संरक्षण देणारे जास्तीचे कव्हर घेतलेत, तरी बीजकावर सूट वजा करून जो आकडा छापला आहे, तेवढाच मिळेल.

कर्जातही सवलत विरघळू शकते. ‘आमच्या बँकेचे कर्ज घेतले तरच ही सूट’ अशी अट असेल तर गणित मांडावे. पाच वर्षांच्या कर्जाला लाखामागे मासिक हप्ता ९ टक्क्यांनी २,०७६ रुपये बसतो, १० टक्क्यांनी २,१२५. सहा लाखांवर पाच वर्षांत हा एक टक्का साधारण १७,६०० रुपये खातो. प्रोसेसिंग फी वेगळी.

आता मूळ मुद्दा, उत्पादनाचा महिना. आपल्याकडे समज असा, की जानेवारीत पासिंग केले म्हणजे गाडी नव्या सालची झाली. तसे होत नाही. आरसीवर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष दोन्ही छापलेले असतात, आणि जुन्या गाड्यांचा व्यापारी आधी दुसरे वाचतो. मार्चमध्ये बनलेली गाडी पुढच्या जानेवारीत नोंदवली, तर पहिल्याच दिवशी ती कागदावर दहा महिन्यांची आणि बोलीभावात ‘मागच्या सालची’. चॅसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्यांत त्यातले दहावे अक्षर वर्ष सांगते: इंग्रजी पी म्हणजे २०२३, आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६ (क्यू वापरत नाहीत). महिन्याच्या खुणेची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून तिथे अंदाज बांधत बसू नये. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, यात उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते. त्याची प्रत पैसे पूर्ण भरण्याआधी मागा. बुकिंग करतानाच चॅसिस नंबरचा फोटो घ्या आणि बिलावर तोच नंबर आला का ते ताडून पाहा. दाखवायची एक गाडी आणि द्यायची दुसरी, हे स्टॉक संपवण्याच्या घाईत सर्रास घडते.

हिशेब कसा मांडायचा ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा जाणाऱ्या गाडीची किंमत ७,६०,००० आणि तिच्यावर ६५,००० रोख सूट. तोडीच्या नव्या गाडीची किंमत ८,१०,०००, सूट शून्य. गाडीत १,१५,००० वाचले, पूर्ण किमतीवर धरलेल्या करात आणखी ५,५०० वाचले, एकूण १,२०,५००. चार वर्षांनी विकायची ठरली आणि नवी ५५ टक्क्यांना, जुनी ४५ टक्क्यांना गेली, तर एकीचे ४,४५,५०० आले, दुसरीचे ३,४२,०००. फरक १,०३,५००. म्हणजे वाचवलेल्या १,२०,५०० मधले १७,००० हाती उरले आणि चार वर्षे जुन्या रचनेची गाडी चालवली. तीच गाडी दहा वर्षे ठेवली, तर शेवटी एक दोन लाखांना, दुसरी एक लाख साठ हजारांना जाईल. फरक ४०,०००, हाती उरले ८०,५००. गाडी म्हातारी होते तशी पिढीची किंमत पुसट होत जाते, म्हणून लवकर विकणाऱ्याला ही सूट मारक आणि लांब पल्ल्याने वापरणाऱ्याला फायद्याची.

हे ५५ आणि ४५ तुमच्यापुरते खरे करायचे असतील, तर जुन्या बाजारात फिरा. २०२४ च्या शेवटी नोंदलेली जुनी डिझायर आणि २०२५ च्या सुरुवातीला नोंदलेली नवी डिझायर, सारख्या किलोमीटरची आणि सारख्या दर्जाची, यांचे मागितलेले भाव शेजारी-शेजारी लिहा. नुसते मागणीचे भाव नकोत. ‘आजच्या आज रोख दिले तर?’ असे विचारून मिळालेले घ्या. नागपुरात हे काम एका रविवारी होते. जाहिरातीतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा हा आकडा जास्त कामाचा.

पैशांपलीकडचा फरक कागदावर किरकोळ वाटतो आणि वापरात टोचतो. आपल्या शहराला लागू पडणारी पहिली गोष्ट एसीची. दुसऱ्या पिढीच्या अमेझला मागच्या सीटसाठी एसीचे झरोके नव्हते, तिसऱ्या पिढीत आले. पुण्याच्या माणसाला याचे फारसे काही वाटणार नाही. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, दुपारी दोनला वर्धा रोडवर मागे बसलेल्या आजींना मात्र हा फरक सत्तर हजारांपेक्षा मोठा वाटेल. जुन्या डिझायरला मागे झरोके होते, तेव्हा जाणाऱ्या प्रत्येक मॉडेलला एकाच मापाने मोजू नये. टेस्ट ड्राइव्ह संध्याकाळी घेऊ नका. भर दुपारी, तीन माणसे मागे बसवून, अर्धा तास घ्या.

दुसरी गोष्ट सुरक्षेची, आणि इथे मी जरा आग्रही आहे. जुन्या डिझायर आणि अमेझमध्ये दोन एअरबॅग होत्या. नव्या दोन्हींत सहा, सगळ्या प्रकारांत. नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅप या अपघात-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले. तारे वाचताना चाचणीचे सालही वाचा. दुसऱ्या पिढीच्या अमेझला २०१९ मध्ये चार तारे होते. कडक झालेल्या नियमांखाली त्याच पिढीची गाडी २०२४ मध्ये पुन्हा तपासली, तेव्हा दोन मिळाले. शोरूममध्ये अर्थातच चार ताऱ्यांचा कागद पुढे येतो. गाडी घर ते ऑफिस, सिव्हिल लाइन्स ते मानेवाडा एवढीच फिरणार असेल, तर दोन एअरबॅगवर भागवायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे आणि तिथे कारला ताशी १२० ची मुभा आहे. दर महिन्याला कुटुंबासह त्यावर जाणाऱ्याने सवलतीचे पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंजिनाच्या बाबतीत कधीकधी जुनेच सरस निघते. जुन्या डिझायरचे इंजिन चार सिलिंडरचे, ९० पीएस (अश्वशक्ती) ताकदीचे; नव्याचे तीन सिलिंडरचे, ८२ पीएसचे. सिग्नलवर उभे असताना जुने शांत. मायलेजमध्ये नवी पुढे: कंपनीच्या आकड्यांनुसार मॅन्युअल गाडीत २२.४१ विरुद्ध २४.७९. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरणाऱ्याचे यात सुमारे ५१ लिटर वाचतात. लिटरला १०४ रुपये धरले, तर वर्षाचे ५,३०० च्या आसपास. फक्त मायलेजसाठी नव्या मॉडेलवर लाख-सव्वालाख जास्त घालणे मला पटत नाही. सीएनजीच्या प्रकाराला कर कमी आहे खरा, पण वाचणाऱ्या पैशांचा हिशेब मुंबई-पुण्याच्या दराने करू नका. नागपुरात सीएनजी त्यांच्यापेक्षा महाग राहिला आहे. २०२२ मध्ये तो शंभरी ओलांडून गेला होता. टाकी डिक्की खाते ते वेगळेच, आणि डिक्कीसाठीच तर ही गाडी घ्यायची असते.

बिल करण्याआधी गाडी स्वतः पाहणे अत्यावश्यक आहे, आणि ती यार्डात, दिवसाउजेडी. शोरूमच्या झगझगाटात रंगातला फरक लपतो. आपल्याकडचा साठा शहराबाहेर उघड्यावर उभा असतो. एप्रिल-मेच्या ४५ अंशांत पत्र्याचे काही बिघडत नाही. रबर, बॅटरी आणि टायर यांचे बिघडते. म्हणून बॅटरीपासून सुरुवात करा. इलेक्ट्रिकलच्या दुकानातला साधा मल्टिमीटर सोबत न्या. गाडी रात्रभर बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२ च्या खाली म्हणजे बसलेली. महिनोन्‌महिने अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. ती जम्परने सुरू होते, दोन दिवस चालते आणि डिसेंबरच्या थंड सकाळी दगा देते. ‘चार्ज करून देतो’ यावर समाधान मानू नका, बदलून मागा. सूट देऊन गाडी काढायची असते, तेव्हा शोरूम चार हजारांच्या बॅटरीसाठी सौदा मोडत नाही.

टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. चार चाके आणि स्टेपनी, पाचही पाहा. टायरची तारीख गाडीच्या महिन्याच्या थोडी आधीची असते. वर्षाहून जास्त मागची असेल तर कारण विचारा. एकाच जागी, कमी हवेवर उभ्या गाडीचे टायर खालून चपटे होतात. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थरथर गेली तर तात्पुरते. राहिली तर टायर कायमचा वाकडा झाला. बाजूच्या रबरावर केसासारख्या भेगा दिसल्या, तर तो टायर १२० च्या वेगाला नेऊ नये.

बाकीचे भराभर. ब्रेक डिस्कवरचा लालसर गंज दोन-चार ब्रेक मारल्यावर जातो; खड्डे पडले असतील तर जात नाही. बोनेट उघडून वायरिंगवर उंदराचे दात आणि एअर फिल्टरमध्ये काड्या-कचरा बघा, यार्डात हा त्रास फार. वायपरची रबरे हाताने वाकवा. उत्पादनाला वर्ष झाले असेल तर इंजिन ऑइल आणि फिल्टर शोरूमच्या खर्चाने बदलून मागा, कारण गाडी न चालताही ऑइलची मुदत संपतेच. टाकीच्या तळाशी उरलेल्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला पाणी धरते. पहिल्याच दिवशी पंधरा-वीस लिटर ताजे भरा. एप्रिल २०२३ नंतर बनलेली गाडी ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालणारी असते, मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले पाहून घ्या. चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉलचे, म्हणजे कंपनीने परत बोलावून दोष दुरुस्त करण्याचे, काम बाकी आहे का, तेही बघता येते.

किलोमीटर शंभराच्या वर गेले असतील, तर गाडी दुसऱ्या शहराच्या यार्डातून चालवत आणली का, की टेस्ट ड्राइव्हला वापरली, हे थेट विचारा. रंगाची जाडी मोजायचे यंत्र डेंटिंगवाल्याकडे असते. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. एकाच दारावर २०० च्या वर आकडा आला, तर तो पत्रा नंतर रंगवलेला आहे. पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीचा खड्डा बघा, गालिच्याखाली हात घालून वास घ्या. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलावाच्या पाण्याने शहराचे काय केले, ते ज्यांनी पाहिले त्यांना हे समजावून सांगायला नको. डेमो किंवा ‘जवळजवळ नवी’ म्हणून मिळणाऱ्या गाडीला ही तपासणी दुप्पट काळजीने करावी.

अशाच ‘जवळजवळ नव्या’ गाड्यांत सर्वात फसवा प्रकार म्हणजे महिन्याचे लक्ष्य गाठण्यासाठी शोरूमनेच आपल्या नावावर नोंदवलेली गाडी. सूट लाखभराची दिसते. पण आरसीवर तुम्ही दुसरे मालक, बँक तिला जुनी गाडी म्हणून जास्त व्याज लावते, आणि वॉरंटी त्या पहिल्या विक्रीच्या तारखेपासून धावायला लागलेली असते. न नोंदवलेल्या जुन्या साठ्याची वॉरंटी मात्र सहसा तुमच्या ताब्याच्या तारखेपासून सुरू होते. ताबा घेताना नागपूरचा एमएच-३१, ४९ किंवा ४० चा नंबर पडलेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावूनच गाडी बाहेर काढा. ‘आठवड्याने या’ ऐकू नका.

सौद्याची वेळ म्हणाल, तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून तिथे गर्दी असते. शोरूम खऱ्या अर्थाने रिकामे असते ते पितृपक्षात. तेव्हा भाव ठरवा, चॅसिस नंबर आणि किंमत लेखी घ्या आणि गाडी दसऱ्याला घरी आणा. सूट पितृपक्षाची, मुहूर्त दसऱ्याचा. कोणाची हरकत नसते.

बुकिंगच्या पावतीवर चार गोष्टी लिहून घ्याव्यात: चॅसिस नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व सवलती वजा जाऊन ऑन-रोड रक्कम, आणि यातले काही बदलल्यास बुकिंगची रक्कम पूर्ण परत. तोंडी आश्वासनाला पुढे कोणी विचारत नाही. कागद हातात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच ते दहा लाखांच्या खरेदीला तिथले शुल्क २०० रुपये आहे आणि वकील लागतोच असे नाही.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणी आहे. गाड्यांच्या सवलतीच्या जाहिराती घेताना दोन ओळी मोठ्या अक्षरांत छापण्याची अट घालावी: विक्रीला असलेल्या साठ्याच्या उत्पादनाचे महिने, आणि ‘पर्यंत’ मधली निव्वळ रोख सूट किती. जाहिरातदाराला त्यासाठी वेगळी जागा विकत घ्यावी लागणार नाही; नटीच्या फोटोखाली पुरेशी असते.

आपला,
मोटार विम्याच्या व्यवसायातला एक वाचक,
नागपूर